होबी १६ घेतलीय. खाडीत बांधू, वाळूवर ठेवू की वाडीत आणू?

दांडीबहाद्दर | रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इथे बुलेटपासून बोन्सायपर्यंत सगळ्यावर धागे आहेत, शिडाच्या बोटीवर एकही सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

डिसेंबरात मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून गोव्याहून एक जुनी होबी १६ घेतली. माहीत नसलेल्यांसाठी: फायबरचे दोन बारीक, केळ्यासारखे बाकदार हल (म्हणजे बोटीची पोटं), मधे ताणून बसवलेलं ट्रॅम्पोलिन, आणि वर आठ मीटरची ॲल्युमिनियमची डोलकाठी. बस्स. इंजिन नाही, केबिन नाही, बसायला फळीसुद्धा नाही, ट्रॅम्पोलिनवर मांडी ठोकायची. लांबी पाच मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन साधारण १४५ किलो, दोन्ही शिडं मिळून वीस चौरस मीटर कापड. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने १९७० च्या सुमारास ही बाजारात आणली. लाटांतून येऊन थेट वाळूवर चढवता यावी हाच हेतू. खाली सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात सोडायची उभी फळी, नाही, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही चालते.

आणली टेम्पोतून. चौकट सोडवली, हल सतरा फुटी हौद्यात कसेबसे बसले, डोलकाठी केबिनवरून पुढे आणि मागेही बाहेर. मागच्या टोकाला बायकोची लाल ओढणी. प्रत्येक टोलनाक्यावर "विमान आहे का साहेब?"

रेवदंड्याला सासरची वाडी आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. जानेवारी-फेब्रुवारीत दर शनिवार-रविवारी मजा केली. बोट पुळणीवरच ठेवायचो, ओल्या रेघेच्या दहा पावलं वर, एका सुरूच्या झाडाला दोरी मारून.

आणि मग होळी. रात्री बारा वाजता आम्ही सगळे होमापाशी बोंबा मारत होतो. तेवढ्यात शेजारच्या आळीतला एक पोरगा धावत आला, "दादा, तुमची बोट चालली." मला वाटलं थट्टा करतोय. जाऊन बघतो तर पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात पांढरे हल पाण्यावर डुलतायत, दोरी सुरूपासून ताठ, आणि प्रत्येक लाटेला बोट मागच्या दगडी बांधावर आपटतेय. चौघांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून धरली. एका हलाच्या तळाला हातभर खरवड, एक सुकाणू वाकडं. मेव्हणा दोन दिवस बोलला नाही.

तर प्रश्न असे. कुंडलिकेच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्या बांधलेल्या असतात, तशी मुरिंग टाकून, म्हणजे तळाशी नांगर आणि वर बोया सोडून, बोट पाण्यातच ठेवली तर? की ट्रेलर करून दरवेळी वाडीत आणायची? आणि बोट वीस वर्षांची तरी असावी, तिच्यात काय काय तपासायचं?

मी_आपला_वाचक | रविवार, रात्री ११.३२

रुमाल टाकून ठेवतो. पोहता येत नाही, पण धागा भारी होणार.

कुंडलिकाकाठी | सोमवार, सकाळी ६.०५

तुझी बोट मी पाहिलीय बहुतेक. पिवळ्या-केशरी शिडाची ना? आमच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत, म्हणून दोन शब्द सांगतो, राग मानू नको.

होळीला बोट गेली यात दर्याची चूक नाही. तू आदल्या शनिवार-रविवारी ओली रेघ बघून दहा पावलं मोजलीस. ती अष्टमीची रेघ. तेव्हा भांग होता, म्हणजे कमी चढणारी भरती. भांगाची भरती मुंबईच्या तक्त्यात सव्वातीन मीटरच्या आसपास असते, उधाणाची साडेचारच्या आसपास. आपल्याकडच्या सपाट पुळणीवर मीटरभर पाणी जास्त चढलं म्हणजे तीस-चाळीस पावलं आत. तुझी दहा पावलं कुठे पुरणार? आणि पौर्णिमा संपली म्हणून सुटलास असंही नाही, पाणी सगळ्यात वर येतं ते पुढच्या एक-दोन दिवसांत.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पुढे प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. तुझ्या आजीला पाऊणकीचा पाढा येत असणार, विचार.

पुळणीवर बोट ठेवायची तर ओली रेघ बघू नको, मर्यादवेल बघ. जांभळ्या फुलांची वेल वाळूवर पसरते ना, ती. तिला नाव उगाच नाही पडलं. वेल जिथे जोमात आहे त्याच्याही वर बोट.

आता खाडी. आमच्या होड्या लाकडाच्या, जड, गाळात कलंडून बसल्या तरी त्यांना काही होत नाही. तुझ्या बोटीची दोन पोटं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दोन्ही गाळात रुतणार. पाणी चढायला लागलं की गाळ एकाला आधी सोडतो, दुसऱ्याला धरून ठेवतो. त्या वेळात सगळा पीळ कुणावर? मधल्या दांड्यांवर. रोज दोनदा.

बरं, खोल पाण्यात बांधतो म्हणशील. सुकतीला दोन मीटर पाणी धर, वर उधाणाचे चार, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची अर्धा मीटर. साडेसहा झाले. त्याच्या निदान पाचपट दोर सोडायचा, म्हणजे बत्तीस-तेहतीस मीटर. सुकतीला तोच दोर सैल, आणि तुझी हलकी बोट बत्तीस मीटरच्या वर्तुळात वाऱ्याबरोबर नाचणार. आमची होडी प्रवाहाकडे तोंड करते, तुझी वाऱ्याकडे. मधे भेट होणारच, आणि आमच्या होडीला लोखंडी पट्टी आहे.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ९.४०

तांत्रिक ज्ञान शून्य, तरी एक भर. कॅटमरान हा शब्द इंग्रजांनी तमिळमधून उचलला: कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. पण मूळ कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. दोन पोटांची बोट नव्हे. आपल्याकडे होडीच्या बाजूला आडव्या बांबूंवर लाकूड बांधतात त्याला 'उलांडी' असा छान शब्द आहे. त्यामुळे धागाकर्त्याच्या बोटीला 'दुपोटी' म्हणावं असा माझा प्रस्ताव.

दांडीबहाद्दर | सोमवार, दुपारी १.१५

@कुंडलिकाकाठी, काका, राग कसला. पाऊणकी आजेसासूबाईंना विचारली, पन्नासपर्यंत घडाघडा म्हटली आणि वर "तुला हे कळत नव्हतं होय?" हेही ऐकवलं.

@अनुस्वार, दुपोटी नको हो, मेव्हण्याला आधीच सगळे तसं म्हणतात.

लाटकरीण | सोमवार, संध्याकाळी ७.२०

काकांशी बव्हंशी सहमत, पण मुरिंग अगदीच निषिद्ध नाही. एक-दोन रात्रींसाठी, माणूस जवळपास असेल तर चालतं. दोर एका नाळेला कधीच बांधायचा नाही. दोन्ही नाळांच्या लोखंडापासून सारख्या लांबीचे दोन दोर काढून पुढे एकत्र आणायचे, गुरांच्या जोत्यासारखे, आणि तिथून एकच दोर बोयाला. म्हणजे बोट वाऱ्याला सरळ तोंड करून राहते. सुकाणी वर उचलून बांधायची, नाहीतर रात्रभर आपटून त्यांच्या खिळी झिजतात.

डोलकाठी उभी ठेवून मात्र झोपायला जाऊ नका. हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगतेय. मुंबई बंदरात एका मे महिन्यात मी शिडं उतरवली आणि काठी तशीच ठेवून घरी गेले. वळवाचा एकच झोत आला असेल. नुसत्या काठीवर आणि ट्रॅम्पोलिनवर वारा बसून बोट उलटली. सकाळी पाहते तर दोन्ही पोटं आकाशाकडे, काठीचं टोक गाळात चार फूट. काढायला दोन मचवे आणि अख्खी भरती लागली. ट्रॅम्पोलिन म्हणजे बारमाही पसरलेलं शीडच आहे हे तेव्हा डोक्यात गेलं.

शिवाय कोमट पाण्यात पंधरा दिवस ठेवलीत की तळाला पांढरे टोकदार खडे धरतात. ते खरवडताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, निघतो. या बोटीच्या तळाला विषारी रंग मारत नाहीत, कारण ती पाण्यात राहायला केलेलीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डोलकाठी ॲल्युमिनियमची, आठ मीटर. ती ट्रॅम्पोलिनवर उभी राहिली की टोक जमिनीपासून नऊ मीटरच्या आसपास जातं. वाडीतून पुळणीवर जायच्या गल्लीत विजेच्या तारा किती उंचीवर आहेत? काठी वाळूवरच उभी करायची, वाळूवरच उतरवायची. उभी काठी घेऊन चाकांवर बोट ढकलत गल्लीतून जायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी. तारांना लागून माणसं दगावलीत म्हणून १९८० च्या दशकात या बोटींच्या काठीचा वरचा तुकडा फायबरचा करायला लागले. तुमच्या काठीचं टोक वेगळ्या रंगाचं, न चमकणारं आहे का बघा. असलं तरी खालची काठी ॲल्युमिनियमचीच आहे आणि बाजूला स्टीलच्या तारा आहेत, विसरू नका.

सॅनहोजेकर | मंगळवार, सकाळी १०.५०

वा, आमच्या दुखऱ्या विषयावर धागा! मी मूळचा डोंबिवलीचा, इकडे कॅलिफोर्नियात बारा वर्षं होबी ओढतोय. ओढतोय म्हणालो, चालवतोय नाही, कारण बराच वेळ ट्रेलरखाली पडून जातो.

पहिल्या वर्षीची गोष्ट. तळ्यावर ऐंशी मैल जायचं होतं. इथे ट्रेलर लावला की ताशी ५५ मैलांची मर्यादा, तीही पाळत होतो. वाटेत गाडीमागून कुणीतरी दिवे दाखवतंय. मी हात केला, तेही हात करतायत. शेवटी आरशात पाहिलं तर उजव्या चाकातून धूर. थांबून चाकाच्या मधल्या हबला बोट लावलं आणि कातडीच चिकटली. टोपी उघडली तर आत ग्रीस नाहीच, पातळ दुधाळ चहासारखं काहीतरी, आणि बेअरिंगचे रोलर निळे पडलेले.

कारण सोपं आहे. मी दर वेळी ट्रेलर पाण्यात घालून बोट तरंगवत होतो. रस्त्याने आलेला हब तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. गरम डबा झाकण लावून गार पाण्यात ठेवल्यावर झाकण कसं घट्ट बसतं, तेच. बोटीच्या ट्रेलरची चाकं बारकी, त्यामुळे मोटारीपेक्षा कितीतरी जास्त फिरतात आणि जास्त तापतात. त्यात खारं पाणी म्हणजे बघायलाच नको.

या बोटीसाठी ट्रेलर पाण्यात घालायची गरजच नाही. फुगीर रबरी चाकांची बिनइंजिनाची गाडी मिळते, दोन हलांखाली सरकवायची आणि दोघांनी वाळूवरून ढकलायची. ट्रेलर कोरड्यात राहू दे. आता मी मोसमाच्या सुरुवातीला बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतो, तळहातावर ग्रीस घेऊन त्यात दाबून दाबून भरतो, आणि गाडीत एक जादा हब कायम. दर तासाला थांबून हबला हात लावायचा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर थांबा.

ट्रेलरवर हल कशावर टेकतात तेही बघा. छोट्या रोलरवर महिनोन्‌महिने ठेवलं तर एका बिंदूवर वजन येऊन तळ आत दबतो. आकाराप्रमाणे कापलेली, वर गालिचा ठोकलेली लाकडी बैठक हवी, आणि तीही दांड्यांच्या जवळ, जिथे हल मजबूत असतो. रॅचेटचे पट्टे हलाच्या पोटावरून आवळू नका. पुढच्या-मागच्या आडव्या दांड्यांवरून घेऊन ट्रेलरला बांधा. डोलकाठीला पुढे उंच आधार, मागे आधार, मधे एक बांध. आणि वजन थोडं पुढे, एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकवर यायला हवा, नाहीतर ट्रेलर मागून शेपूट हलवतो. एकदा हलायला लागला की ब्रेक दाबायचा नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडायचा.

दांडीबहाद्दर | मंगळवार, रात्री १०.०५

पेणच्या एका फॅब्रिकेटरकडून ट्रेलर बनवून घ्यायचा विचार होता. त्याने विचारलं, "ट्रॅक्टरचा देऊ का?" शिवाय इथे ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी, मोटारीला हुक, सगळंच आलं. वाडी ते पुळण चारशे मीटर. त्यासाठी हे करावं का?

लाटकरीण | मंगळवार, रात्री १०.४०

चारशे मीटरसाठी? मुळीच नाही. वाळूची चाकं घ्या किंवा करून घ्या. वर्षातून एकदा लांब न्यायची वेळ आलीच तर टेम्पो आहे, ओढणी आहे.

फायबरवाला | बुधवार, रात्री १२.२०

उशिरा आलो, दिवसभर एपॉक्सीत हात होते. फायबरच्या होड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. जुनी बोट तपासायची पद्धत सांगतो, पैसे वाचतील.

एक स्क्रू-ड्रायव्हर घे, त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने हलाच्या वरच्या बाजूवर हलकं हलकं ठोकत जा. दर दोन इंचांवर. चांगला भाग टणटणीत वाजतो. मधेच आवाज बदलून भदभद झाला, पिकलेल्या कलिंगडासारखा, की तिथे खडूने खूण कर. वरचा पापुद्रा पातळ फायबरचा, मधे फोम, खाली पुन्हा फायबर अशी सँडविचसारखी रचना असते. फोम वरच्या पापुद्र्यापासून सुटला की ती जागा मऊ होते. पाय दिला की दबते. पुढच्या दांड्याच्या आसपास नक्की बघ, माणसं तिथेच पाय रोवतात.

मऊ भाग तळहाताएवढा असेल तर घाबरू नको. फक्त वरच्या पापुद्र्याला इंच-इंच अंतरावर बारीक भोकं पाड. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोली बांधून घे, नाहीतर खालचंही भोसकशील. आतलं पाणी वाळू दे, आठवडाभर, उन्हात. मग पातळ एपॉक्सी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून एका भोकातून दाब, शेजारच्या भोकातून वर आलं की त्याला पट्टी लाव, पुढच्यात जा. दुपारी करू नको, मार्चच्या उन्हात वाटीतच घट्ट होऊन धूर निघेल. पहाटे कर. आणि एकदा एपॉक्सी वापरलीस की त्यावर स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन मारायचं नाही, ते धड धरत नाही. होळीची खरवड पण एपॉक्सी आणि काचेच्या पट्टीनेच भर.

हलात पाणी शिरतंय का? बूच काढून बोट वर उचलली आणि पेलाभर पाणी आलं तर चालतं. बादलीभर आलं तर भोक शोधावं लागेल. बुचाच्या जागी नळी लावून तोंडाने फुंक, दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. पंक्चरवाल्यासारखे बुडबुडे दिसतात. कॉम्प्रेसर लावशील तर सांधे उकलून ठेवशील. पुढच्या दांड्यापाशी हवा जायला एक बारीक भोक असतं, त्यात कुंभारमाशी घर करते. ते उघडं पाहिजे, उन्हात आतली हवा फुगते.

आता धातू. काठीवरची क्लीट, पायाचा जोड, दांड्यांचे कोपरे, जिथे जिथे स्टेनलेसचं रिबिट ॲल्युमिनियमला भेटतं तिथे पांढरी पावडर दिसेल. नखाने खरवड. पावडर म्हणजे ॲल्युमिनियम गेलेलं. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की, आणि झिजतं ते बिचारं ॲल्युमिनियम. नवीन बसवताना मधे लॅनोलिनचं ग्रीस भर.

ताणाच्या तारा: जुना बनियन हातात घेऊन तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरव. कुठे धागा अडकला तर तिथली एक तार तुटलीय. एक तुटली म्हणजे सगळी दोरी बदलायची, वाद नाही. आणि तार जिथे टोकाच्या नळीत शिरते तिथे तपकिरी डाग बघ. स्टेनलेस बाहेरून चकचकीत आणि नळीच्या आत कुजलेलं असू शकतं. जुन्या मालकाने कधी बदलल्या ते सांगता येत नसेल तर बदलल्याच नाहीत असं समज. बोटीतला सगळ्यात स्वस्त विमा तो आहे. पुढची तार तुटली तर डोलकाठी मागे येते, आणि मागे तुम्ही दोघं बसलेले असता.

मी_आपला_वाचक | बुधवार, सकाळी ८.१५

कलिंगड ठोकून बघायचं स्किल अखेर कुठेतरी कामी येणार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कुंडलिकाकाठी | बुधवार, सकाळी ८.५०

फायबरवाल्याने लाख मोलाचं सांगितलं. एक राहिलं. बोट धुतोस का रे? गोड्या पाण्याने?

दांडीबहाद्दर | बुधवार, सकाळी ९.३०

धुतो की काका, दर वेळी. वाडीतल्या विहिरीचं पाणी मोटरने.

कुंडलिकाकाठी | बुधवार, सकाळी ९.३४

ते पाणी पिऊन बघितलंस का कधी मे महिन्यात? मचूळ आहे. मिठानेच मीठ धुतोयस.

दांडीबहाद्दर | पुढचा सोमवार, रात्री ९.४५

मंडळी, अहवाल.

शनिवारी पहाटे साडेपाचला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. डावा हल पहिल्यापासून शेवटपर्यंत टणटणीत. उजवा तीन फुटांपर्यंत ठीक, आणि पुढच्या दांड्याच्या अलीकडे... भदभद. मेव्हण्याने ऐकलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खडूची खूण केली तर पुरणपोळीएवढं वर्तुळ. भोकं पाडली, चाळीस-एक. त्यातल्या सहा भोकांतून पाणी आलं, कुबट वासाचं. आता वाळत ठेवलंय, वर चहाच्या गाळण्याची जाळी, मुंग्या जातात म्हणून.

बनियन चाचणीत डावीकडच्या तारेने बनियन फाडलाच. खालून हातभर अंतरावर दोन धागे तुटलेले, कुसळासारखे बाहेर. याच तारेच्या भरवशावर जानेवारीत दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात एक हल हवेत काढून आरडाओरडा केला होता आम्ही. व्हिडिओसुद्धा आहे. तो आता बघवत नाही. तिन्ही तारांची ऑर्डर दिली.

काठीचं टोक फायबरचं आहे. गल्लीत तारा दोन ठिकाणी आहेत, एक तर इतकी खाली लोंबतेय की नारळाची झापं नेणारेही वाकतात. तेव्हा काठी वाळूवरच.

मुरिंगचा नाद सोडला. मर्यादवेलीच्या वर, एका ओळखीच्यांच्या कुंपणालगत जागा मिळाली. काकांनी सांगितलं होतं तसं... नाही, काकांनी सांगितलं नव्हतं, त्यांच्या पुतण्याने दाखवलं: वाळूने भरलेल्या दोन गोण्या कमरेएवढ्या खड्ड्यात आडव्या पुरल्या, त्यांना दोर बांधून वर काढला, पुढचा-मागचा दांडा त्याला जखडला. मी आणि मेव्हणा लटकलो तरी हलत नाही. शिल्लक प्रश्न पर्यटकांचा. रविवारी एक आख्खं कुटुंब ट्रॅम्पोलिनवर डबा उघडून बसलं होतं. आम्हालाच म्हणाले, "या, जेवायला."

धुण्यासाठी आता नळाच्या पाण्याचे दोन कॅन. आधी काठीची खाच, मग कप्प्या, मग सुकाणूच्या खिळी, हल सगळ्यात शेवटी. उरलंच तर आम्ही.

फायबरवाला | पुढचा सोमवार, रात्री ११.००

पुरणपोळीएवढं म्हणजे वाचलास. परातीएवढं असतं तर हल बदल म्हटलं असतं. आठवडा नाही, दहा दिवस वाळव.

सॅनहोजेकर | मंगळवार, सकाळी ९.२०

मोसम संपल्यावर काय करणार? इथे थंडीच्या गावांत हलातलं पाणी गोठून सांधे फुटतात. तुम्हाला उलट पावसाचं टेन्शन असेल.

कुंडलिकाकाठी | मंगळवार, सकाळी ११.१५

पावसाचं नाही, वाऱ्याचं. आम्ही १ जून ते ३१ जुलै होड्या वर घेतो, सरकारी बंदीच असते. पण तुझ्या बोटीने जूनची वाट बघायची नाही. तौक्ते आलं ते १७ मे २०२१ ला. निसर्ग ३ जून २०२० ला. १५ मेच्या आत बोट वाडीत.

काठी उतरव, चौकटीसकट सावलीत घे. बुचं काढून एका डबीत, डबी घरात. नाळ वीतभर वर टेकव म्हणजे आत गेलेलं पाणी मागून निघून जाईल. बुचाच्या भोकाला जाळी, नाहीतर उंदीर बाळंत होतो. प्लास्टिकचा निळा ताडपदरी कागद घट्ट लपेटू नको. जुलैत वारा त्याच्या चिंध्या करतो, आणि फाटला नाही तर आत घाम धरतो. आम्ही होडीवर झापांची शाकारणी करतो, वारा खेळतो, पाणी येत नाही. शिडं आणि ट्रॅम्पोलिन गोड्या पाण्यात भिजवून, कडक वाळवून, गुंडाळून माळ्यावर. घडी नको. मीठ राहिलं तर पावसाळाभर ओल ओढत राहील, आणि नारळी पौर्णिमेला काळ्या बुरशीचं शीड उघडशील.

आणि हो, वाडीत ठेवशील कुठे?

दांडीबहाद्दर | मंगळवार, दुपारी १२.०२

पडवीच्या मागे, दोन माडांच्या मधे. बरोब्बर बसते.

कुंडलिकाकाठी | मंगळवार, दुपारी १२.०४

माडांच्या मधे.

दांडीबहाद्दर | मंगळवार, दुपारी १२.०९

...गोठ्यात जागा करतो काका.

१० मेच्या शनिवारी काठी उतरवतोय. मी आणि मेव्हणा आहोत, पायथ्याशी धरायला आणि पुढचा दोर सोडायला अजून दोघं हवेत. सकाळी सातला, नंतर वारा उठतो. नाश्त्याला घावने.

लाटकरीण | मंगळवार, दुपारी १२.४०

मी मांडव्याच्या बोटीने येते. काठीच्या पायथ्याची खीळ मी येईपर्यंत कुणी काढायची नाही.

कुंडलिकाकाठी | मंगळवार, दुपारी १.१०

पुतण्याला पाठवतो. घावने जास्त करा, तो एकटा येणार नाही.